हळदीतला हसुराम टँगो गातो

घणसोलीपासून दिघ्यापर्यंत ज्याच्या आवाजाशिवाय
नवऱ्याला हळद चढत नाही
तो हसुराम मढवी, वय एकसष्ट,
माझ्यासमोर बसून चष्मा पुसतो आणि म्हणतो,
"बाय, अकरा गानी हायेत. मना शिकव."

अकरा टँगो, पणज्याच्या काळातले.
जहाजावर फिटर असलेल्या मेव्हण्यानं आणलेली कॅसेट,
कव्हर गेलेलं, गाणाऱ्याचं नाव गेलेलं.
तीस वर्षं ऐकतोय, अक्षर कळत नाही.
"कलत नाय म्हनूनच आयकतू."

मला कळतं. माझं भांडवल तेवढंच.
रात्री साडेनऊ ते साडेसहा
मी पृथ्वीच्या उलट्या बाजूच्या माणसांना
इंटरनेटची बिलं समजावते, स्पॅनिशमध्ये.
तिथं मी मारीसोल.
ऐरोली सेक्टर आठमध्ये पद्मजा केळुसकर.

गाणी मी देवनागरीत उतरवून दिली, चौरेघी वहीत,
प्रत्येक स खाली तांबडी रेघ मारून.
कारण तो स खायचा.
मी म्हणायची लोस, तो म्हणायचा लो.
दोस. दो.
"काका, शेवटचा स कुठे गेला?"
"खाडीत," म्हणायचा, आणि स्वतःच हसायचा.

स्टुडिओ म्हणजे रबाळ्यातल्या एका गाळ्याचा पोटमाळा.
खाली मसाल्याची गिरणी,
म्हणून रेकॉर्डिंग दोन ते तीन, गिरणीवाला जेवतो तेव्हा.
बँडोनियन कुठून आणणार?
चेंदणीचा नाखवा आला त्याचा अ‍ॅकॉर्डियन घेऊन,
दोन सूर मेलेले,
ते आले की नाखवा खांदा उडवायचा,
जणू खांद्यातून वाजतील.

हळदीत ठेका माणसाला मागून ढकलतो.
हा ठेका उंबऱ्यापर्यंत येतो
आणि आत यायचं की नाही ते ठरवत उभा राहतो.
तेवढ्या वेळात काही करायचं नसतं.
हसुरामला हेच जमेना.
चार दिवस प्रत्येक मोकळ्या जागेत
त्याच्या तोंडून "हेऽऽ हाय!" निघून गेलं.
मोकळं दिसलं की भराव टाकायचा,
या शहराची सवय, त्याला कशाला नावं ठेवू.

सातव्या गाण्यात शब्द आला, अर्राबाल.
मी म्हटलं, शहराच्या कडेची वस्ती.
गाव तिला सोडून गेलेलं असतं
आणि शहर अजून आपलं म्हणत नसतं.
त्यानं वही मिटली.
"म्हंजे दिवा," म्हणाला. "आमचा."
मला वाटलं आता बापाच्या मिठागराचं काढेल,
साडेबारा टक्क्यांचं काढेल.
त्यानं विचारलं, "यात र येक का दोन?"
दोन.
"मंग दोनी म्हनतू."

त्या टेकला तो थांबला.
नाखवानं भाता उघडाच धरला, दम कोंडल्यासारखा,
आणि खाली गिरणी सुरू झाली, वेळेआधी.
ती घरघर आम्ही काढली नाही.
सातव्या गाण्यात ऐका, मिरची दळली जातेय.

अल्बम आला. हळदीच्या मांडवात पोरं म्हणाली,
काका, डीजेवर लागंल का?
नाही लागत. मग विषय संपला.

नोव्हेंबरात माझं काम घरून होतं.
रोसारियोची एक बाई, दोन महिने दुप्पट बिल.
सिस्टीम चाचपडत होती,
ओट्यावर फोनवर हसुराम चालू राहिलेला.
"कोण गातंय?" तिनं विचारलं.
मी म्हटलं, आमच्याकडचा एक.
"स गिळतो. माझे वडील असेच गिळायचे.
कुठल्या वस्तीतला?"

कॉल रेकॉर्ड होत होता.
मारीसोलला गाव नाही, तसं नियमात आहे.
"दिवा," मी म्हटलं. "खाडीच्या अलीकडे."
"ऐकलं नाही कधी."
ती गप्प झाली.
मीही तिथं काही भरलं नाही.

मग ती म्हणाली,
"बरं, ते सप्टेंबरचं बिल."